हत्यार कायदा आणि वाढीव शिक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुन्ह्याच्या बातमीच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते : ‘आरोपींविरुद्ध भारतीय हत्यार कायदा कलम ४/२५ आणि महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१) सह १३५ नुसार गुन्हा दाखल.’ मग घरचे वकिलासमोर बसतात आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘अहो, मारलं तर कुणालाच नाही, मग एवढी कलमं कशी?’ कारण शस्त्र जवळ बाळगणे, ते दाखवणे आणि ते चालवणे हे कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळे हिशेब आहेत. तिन्ही एकाच माणसाच्या नावावर चढू शकतात आणि तिन्ही सिद्ध करायची रीतही वेगळी. खालची उत्तरे महाराष्ट्रापुरती आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधी घडलेल्या घटनेला मात्र जुनी दंड संहिताच लागते.

घरात कोयता, विळा, सुरी ठेवणे हा गुन्हा आहे का?

नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ (बातमीतला ‘हत्यार कायदा’ तो हाच) मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करतानाच केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू बाहेर ठेवल्या आहेत. लाठी आणि साधी हातातली काठीही त्यात येत नाही. उसाच्या फडातला कोयता हे अवजार आहे. तोच कोयता रात्री बारा वाजता शर्टाच्या आत पाठीला लावून दुचाकीवर निघाला, तर ‘ऊस तोडायला चाललो होतो’ हे सांगणे अवघड जाते.

तलवार, खंजीर, भाला, संगीन आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्र नियमांच्या अनुसूचीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती इथेही वगळली आहेत. म्हणून पंचनाम्यात पात्याची लांबी-रुंदी लिहिणे महत्त्वाचे. ‘अंदाजे दीड फूट लांबीचा लोखंडी कोयता’ एवढीच नोंद असेल आणि मूठ किती, पाते किती हे वेगळे लिहिलेले नसेल, तर उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसतो.

शीखधर्मीयांची कृपाण हा स्वतंत्र विषय आहे. ती धारण करणे हा धर्माचरणाचा भाग असल्याचे संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्येच म्हटले आहे.

३/२५ आणि ४/२५ यांत फरक काय?

पहिला आकडा कोणता नियम मोडला ते सांगतो आणि दुसरा शिक्षेचे कलम. कलम ३ बंदुका, पिस्तुले आणि काडतुसांसाठी आहे. त्यांना देशात कुठेही परवाना लागतो. कलम ४ धारदार व इतर शस्त्रांसाठी आहे, पण ते आपोआप सगळीकडे लागू होत नाही. केंद्र सरकारने त्या भागासाठी आणि त्या प्रकारच्या शस्त्रांसाठी अधिसूचना काढलेली असावी लागते. ४/२५ च्या खटल्यात ही अधिसूचना न्यायालयासमोर आणली आहे का, हे विचारायला पुष्कळ वकील विसरतात. जामिनाच्या वेळी फाइल चाळताना मी ते पान आधी शोधतो.

आणि ३७(१)/१३५?

हा महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चा भाग. सण, मिरवणुका, आंदोलने, निवडणुका अशा काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी शस्त्रबंदीचा आदेश काढतात. हत्यार कायद्यातून सुटलेली काठी इथे सापडते, कारण कलम ३७(१) मध्ये तलवार-चाकूबरोबर काठ्या-लाठ्याही आहेत. आदेश मोडल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि न्यायाधीशांनी लेखी कारण दिल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही. कलम छोटे वाटते म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पुढे तडीपारीचा प्रस्ताव तयार होतो तेव्हा असेच दोन-तीन ‘छोटे’ गुन्हे यादीत आधी दिसतात.

वाढदिवसाला तलवारीने केक कापला, रील टाकली. अटक होऊ शकते?

होते, आणि पुरावा आरोपीने स्वतःच जगाला दाखवलेला असतो. चेहरा, तलवार, जागा, मागचे मित्र, गाडीची नंबरप्लेट, सगळे एका चित्रफितीत. तलवार नंतर सापडली नाही तर खटला लंगडा पडतो हे खरे. पत्र्याची, धार नसलेली शोभेची तलवार असेल तर ती कायद्यातले ‘शस्त्र’ ठरते का, यावर वादही घालता येतो. पण तो वाद निकाली लागेपर्यंत मुलाने किमान एक रात्र कोठडीत काढलेली असते आणि पोलीस ठाण्याच्या यादीत त्याचे नाव चढलेले असते. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला की ते नाव समोर येते.

गावठी कट्टा सापडला तर किती शिक्षा?

विनापरवाना अग्निशस्त्र जवळ असल्यास किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे आणि दंड. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हेच एक ते तीन वर्षे होते. त्या दुरुस्तीने एकूणच आकडे वर सरकवले. विनापरवाना शस्त्र बनवणे, विकणे, नळी कापून आखूड करणे, नकली पिस्तुलाचे खरे करणे यांना पूर्वी तीन ते सात वर्षे शिक्षा होती. आता किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. स्वयंचलित शस्त्रासारखे प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास सात ते चौदा वर्षे. पोलीस किंवा सैन्यदलाकडून शस्त्र हिसकावल्यास किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप. संघटित टोळीसाठी किंवा शस्त्रांच्या तस्करीसाठी पुन्हा किमान दहा वर्षे, वर किमान एक लाख रुपये दंड.

यातली खोच अशी : पिस्तूल जवळ असणारा पोरगा आणि त्याला ते विकणारा यांच्यात कायद्याने दरी पाडली आहे. म्हणून तपासात ‘कट्टा कुठून आणला’ हा प्रश्न सुरुवातीलाच येतो. कट्टा घेणाऱ्याने पुढे एक विकला असेल तर तोही दरीच्या पलीकडे जातो, दोन-पाच वर्षांच्या कलमातून थेट सात वर्षे-जन्मठेपेच्या कलमात.

गाडीत पिस्तूल सापडले; आम्ही चौघे होतो. चौघांवरही गुन्हा?

गुन्हा बहुधा चौघांवर नोंदला जातो. शिक्षा चौघांना होईलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात सांगितले की ताबा म्हणजे वस्तू खिशात असणे एवढेच नाही. ती दुसऱ्याकडे असली तरी तिच्यावर तुमची सत्ता आहे का आणि ती तिथे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, हे पाहायचे. १९९४ मध्ये घटनापीठाने संजय दत्त प्रकरणात ‘जाणीवपूर्वक ताबा’ हीच कसोटी पक्की केली. पुढे त्याच अभिनेत्याला दहशतवादाच्या कटाच्या आरोपातून निर्दोष सोडले, पण हत्यार कायद्याखाली दोषी धरले. विशेष न्यायालयाची सहा वर्षांची शिक्षा २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांवर आणली.

अधिनियमाचे कलम ३५ मात्र ध्यानात ठेवावे. एकाहून अधिक जणांच्या ताब्यातल्या घरात किंवा वाहनात शस्त्र सापडले आणि त्यातल्या एखाद्याला ते माहीत असावे असे मानायला कारण असेल, तर माहीत नव्हते हे त्यालाच दाखवावे लागते. पिस्तूल पुढच्या सीटखाली होते की डिकीतल्या बॅगेत, बॅग कुणाची, गाडी कुणाची, कोण कुठे बसले होते, या बारक्यासारक्या गोष्टींवर निकाल फिरतो. पंचनाम्यात ‘गाडीमध्ये मिळून आले’ असे मोघम लिहिले असेल तर मागच्या सीटवरच्या दोघांना त्याचा फायदा मिळायला हवा.

विमानतळावर बॅगेत एकच काडतूस सापडले. आता?

काडतुसालाही परवाना लागतो, म्हणून गुन्हा नोंदतात. मात्र बॅग वडिलांची, वडिलांकडे परवाना, कप्प्याच्या कोपऱ्यात एक काडतूस राहून गेलेले आणि सोबत पिस्तूल नाही, अशा वेळी जाणीवपूर्वक ताबा नाही म्हणून उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्द केल्याची उदाहरणे आहेत. परवान्याची प्रत आणि बॅग कुणाची याचा पुरावा पहिल्याच दिवशी द्यावा.

भांडणात हत्यार निघाले तर शिक्षा किती वाढते?

बरीच. हाताने मारून साधी दुखापत केली तर न्याय संहितेचे कलम ११५(२) : एक वर्षापर्यंत. तीच साधी दुखापत धोकादायक हत्याराने केली तर कलम ११८(१) : तीन वर्षांपर्यंत. हाड मोडणे, डोळा जाणे अशी गंभीर दुखापत हाताने केली तर सात वर्षांपर्यंत. हत्याराने केली तर कलम ११८(२), म्हणजे किमान एक वर्ष आणि कमाल जन्मठेप. दवाखान्याच्या कागदावर जखम तीच, पण ‘कशाने झाली’ या रकान्यातल्या एका शब्दाने कलम बदलते.

‘धोकादायक हत्यार’ म्हणजे फक्त चाकू-सुरा नव्हे. गोळी घालणारे, भोसकणारे, कापणारे साधन; मारण्यासाठी वापरल्यास जीव जाऊ शकेल अशी कोणतीही वस्तू; आग, विष, आम्ल, स्फोटके; इतकेच काय, अंगावर सोडलेला प्राणीसुद्धा. फुटकी बाटली आणि लोखंडी गज बहुतेक वेळा यात बसतात. चावा घेतला तर? माणसाचे दात या कलमातले हत्यार नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले आहे. कायद्याच्या पुस्तकातही कधी कधी अशी करमणूक होते.

जमावातही तेच. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव असेल तर सहा महिन्यांपर्यंत. त्यात प्राणघातक शस्त्र घेऊन सामील झाल्यास दोन वर्षांपर्यंत. दंगल झाली तर दोन वर्षे, शस्त्रासह दंगल केली तर पाच वर्षे. जुन्या दंड संहितेत हे शेवटचे तीन वर्षे होते.

लुटताना चाकू एकाकडेच होता. सगळ्यांना सात वर्षे?

नाही, आणि इथे कनिष्ठ न्यायालयांतही गोंधळ होतो. न्याय संहितेचे कलम ३११ (पूर्वीचे ३९७) हा स्वतंत्र गुन्हा नाही. जबरी चोरी किंवा दरोडा करताना ज्याने प्राणघातक हत्यार वापरले त्याच्यासाठी ते सात वर्षांची तळरेषा आखून देते. म्हणजे न्यायाधीश त्याखाली येऊ शकत नाहीत. बाकीचे साथीदार मूळ गुन्ह्याला जबाबदार असतात, पण दुसऱ्याच्या हातातल्या चाकूपायी त्यांना ही किमान शिक्षा लागत नाही. २००७ मध्ये दिलावर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले.

‘वापरले’ म्हणजे भोसकलेच पाहिजे का? नाही. १९७५ च्या फूलकुमार निकालापासून ठरलेले आहे की समोरच्याला दिसेल, धाक बसेल असे हत्यार बाहेर काढले तरी तो वापर झाला. खिशातच राहिलेला चाकू मात्र वापरलेला नव्हे. म्हणून फिर्यादीतले एक वाक्य निर्णायक ठरते. ‘त्याने कमरेचा चाकू काढून माझ्या पोटाला लावला’ असे असेल तर कलम ३११ उभे राहते. ‘त्यांच्याकडे चाकू होता’ एवढेच असेल तर ते डळमळते.

आणि पिस्तूल खेळण्यातले निघाले तर?

जबरी चोरी तशीच राहते, कारण भीती खरी होती. पण प्लास्टिकचे पिस्तूल प्राणघातक हत्यार नसल्याने सात वर्षांची अट लावणे कठीण. याला एक अपवाद आहे. अटक टाळण्यासाठी नकली पिस्तूल रोखले तरी हत्यार कायद्याच्या कलम २८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तिथे नकलीचा उल्लेख कायद्यातच आहे.

वरातीत हवेत गोळीबार केला. बंदूक परवान्याची आहे.

परवाना बाळगण्याचा असतो, आनंद साजरा करण्याचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्न, मिरवणूक, धार्मिक स्थळ, सार्वजनिक समारंभ यांतला असा गोळीबार स्वतंत्र गुन्हा केला : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना जाण्याची वेळ येते ती वेगळीच. आणि वर गेलेली गोळी खाली येते. कुणी दगावला तर प्रकरण सदोष मनुष्यवधापर्यंत जाते.

आधी शिक्षा झालेली असेल तर?

हत्यार कायद्याचे कलम ३१ थोडक्यात आणि कडक आहे : या कायद्याखाली एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा याच कायद्याखाली दोषी ठरला, तर दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा दुप्पट. मात्र वाढीव शिक्षा मागायची असेल तर आधीची दोषसिद्धी दोषारोपात लिहावी लागते आणि प्रमाणित प्रतीने सिद्ध करावी लागते. नुसता ‘गुन्हेगारी पूर्वेतिहास’ म्हणून दाखल गुन्ह्यांची यादी जोडून भागत नाही. गुन्हा दाखल होणे आणि शिक्षा होणे यात फरक आहे.

टोळीचा मामला असेल तर मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, येतो. त्यासाठी मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक दोषारोपपत्रे आणि न्यायालयाने त्यांची घेतलेली दखल लागते. किमान शिक्षा पाच वर्षे, कमाल जन्मठेप, दंड किमान पाच लाख. टोळीच्या कृत्यात जीव गेला असेल तर फाशी किंवा जन्मठेप. पण खरी धार जामिनात आहे. दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते आणि जामीन देण्याच्या अटी अतिशय कठोर आहेत. शिक्षा होवो न होवो, वर्षानुवर्षे तुरुंगात जातात. हा कायदा टोळ्यांसाठी आहे. गल्लीतल्या दोन भांडणांना तो लावला जातो तेव्हा उच्च न्यायालयात तो बहुधा टिकत नाही, आणि टिकू नये.

मुलगा १७ वर्षांचा आहे. त्याला मोठ्यांसारखी शिक्षा होईल?

१८ वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. १६ ते १८ वयातल्या मुलाने ‘घृणास्पद’ गुन्हा केला असेल तरच त्याला प्रौढ म्हणून चालवायचे का याचा विचार होतो. ‘घृणास्पद’ म्हणजे ज्याची किमान शिक्षाच सात वर्षे किंवा अधिक आहे असा गुन्हा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केले. यातून विचित्र चित्र उभे राहते. कोयत्याने वार करून जिवे मारण्याचा प्रयत्न केला तर त्या कलमाला किमान सात वर्षांची अट नाही, म्हणून तो या वर्गात येत नाही. कोयता दाखवून मोबाइल लुटला तर कलम ३११ ची सात वर्षांची तळरेषा पुढे करून तो या वर्गात ओढण्याचा प्रयत्न होतो. मुलांच्या हाती कोयते देऊन त्यांना पुढे करणाऱ्या मोठ्यांसाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. ते कलम लावलेले फार कमी दिसते.

खटले सुटतात ते कशामुळे?

कायदा मवाळ आहे म्हणून नव्हे. कागद कच्चे असतात म्हणून. हत्यार कायद्याच्या कलम ३ च्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांची, पूर्वमंजुरी लागते. ती नसेल किंवा अहवाल न पाहताच सही झालेली असेल, तर तेवढ्यावर आरोपी सुटू शकतो. कलम ४ ला ही मंजुरी लागत नाही, हे दोन्ही बाजूंचे लोक विसरतात.

मग मुद्देमाल. साक्षीच्या दिवशी न्यायालयात खाकी कागदाचे पुडके येते. त्यावर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांचे लेबल हवे. सील तुटलेले, लेबलवरची सही पंचाची नाही, जप्ती पाच तारखेची आणि प्रयोगशाळेत पिस्तूल पोचले दोन महिन्यांनी. मधल्या काळात ते कुठे होते याची मुद्देमाल नोंदवहीत नोंद नाही. त्यात पंच म्हणतो, ‘सही माझी आहे, पण कागद वाचून दाखवला नव्हता.’ कट्ट्यातून गोळी सुटते की नाही हे प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरते. तो अहवालच नसेल तर समोर पडलेले लोखंड अग्निशस्त्र आहे हे कुणी सांगायचे? आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. ठरावीक पंच उभे करायची जुनी सवय त्याने मोडली तर बरेच होईल.

किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा मिळू शकते का?

काही कलमांत ‘पुरेशी आणि विशेष कारणे’ नोंदवून खाली येण्याची मुभा आहे. साध्या विनापरवाना ताब्याला ती मिळते. कलम ३११ मध्ये अशी मुभा लिहिलेली नाही. तरी २०२१ मध्ये लखवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या ३९७ च्या आरोपींना परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याच्या कायद्याचा, लाभ दिला. किमान शिक्षा आहे म्हणजे सगळे दरवाजे बंद असे नाही. दुसऱ्या टोकाला, प्रतिबंधित शस्त्राने मृत्यू झाल्यास फाशीच द्यावी लागेल असे हत्यार कायद्याचे कलम २७(३) होते. २०१२ मध्ये दलबीर सिंग प्रकरणात ते घटनाबाह्य ठरले, कारण न्यायाधीशाला पर्यायच ठेवला नव्हता.

स्वसंरक्षणासाठी कट्टा वापरला तर?

जीव वाचवण्यासाठी वार केला आणि तो मर्यादेत होता, तर दुखापतीच्या किंवा खुनाच्या आरोपातून सुटका होऊ शकते. विनापरवाना कट्टा आधीपासून जवळ का होता, या आरोपाला मात्र तो बचाव पुरत नाही.

आरोपीला शिक्षा कमी झाली असे आम्हाला वाटते. आम्ही फिर्यादी आहोत.

शिक्षा अपुरी आहे म्हणून अपील करण्याचा हक्क सरकारचा. पीडित व्यक्तीला निर्दोष सुटका, कमी गंभीर कलमाखाली दोषसिद्धी किंवा अपुरी नुकसानभरपाई याविरुद्ध अपील करता येते, शिक्षेच्या प्रमाणाविरुद्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले. सरकारी वकिलांकडे लेखी विनंती करा, आणि मुदत संपायच्या आत करा.

तीन कलमांत तीन शिक्षा झाल्या. सगळ्या मिळून बेरीज करायची का?

न्यायाधीशांनी ‘एकत्रित भोगाव्यात’ असे लिहिले असेल तर सर्वांत मोठी शिक्षा भोगली की बाकीच्या त्यातच संपतात. तसे लिहिले नसेल तर एकामागून एक. निकालाच्या शेवटच्या पानावरची ही ओळ आधी वाचा. कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेतून वजा होतात, त्याचा आकडाही तिथेच तपासा, तो चुकतो.

वडील वारले, त्यांची परवान्याची बंदूक घरात आहे.

परवाना वडिलांच्या नावावर होता. ते गेल्यावर बंदूक कपाटात तशीच ठेवणे म्हणजे विनापरवाना ताबा. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्या, मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करा. एका परवानाधारकाला आता दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात, तेव्हा तुमच्याकडे आधीच दोन असतील तर विकायचाच विचार करा.